सातारकरांसाठी टायर-खरेदी: बजेट मोजकं, रस्ते घाटाचे

पहिली गाडी घेतली किंवा सेकंडहँड गाडी दारात आणली की आज ना उद्या टायरचा प्रश्न उभा राहतोच. मोबाईलवर शोधायला बसलं की 'ऑल सीझन', 'विंटर', 'एम प्लस एस' असले शब्द अंगावर येतात. दुकानात गेलं की दोनच प्रश्न कानावर पडतात: "कुठली कंपनी देऊ?" आणि "बजेट किती?" या दोन टोकांच्या मधलं काही कुणी सांगत नाही. घरच्या, भावकीतल्या आणि मित्रांच्या गाड्यांसाठी साताऱ्यातल्या टायरच्या दुकानांत मी भरपूर वेळ घालवलाय. त्यातून जे कळलं ते इथं क्रमाने लिहितोय. हे खासगी चारचाकीपुरतंच आहे. दुचाकीचं आणि टेम्पोचं गणित वेगळं.

१. 'विंटर टायर'चा विषय आधीच मिटवून टाका

टायरवर 'एम प्लस एस' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ. हा शिक्का कंपनी स्वतःच मारते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा स्फटिक असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. खरे विंटर टायर ज्या देशांत महिनोन्‌महिने तापमान ७ अंशांच्या खाली असतं तिथल्यासाठी आहेत. त्या थंडीत साधं रबर कडक होतं आणि पकड सोडतं, म्हणून तिथं मऊ रबर वापरतात. तेच मऊ रबर आपल्या एप्रिल-मेच्या डांबरावर झपाट्याने झिजेल आणि ब्रेक लागायलाही जास्त अंतर घेईल.

महाबळेश्वरला वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे दव गोठतं, पेपरात फोटो येतात. पण ते गवतावर, गाडीच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर. रस्त्यावर बर्फ साचत नाही. आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. सुट्टीवर आलेला कुणीतरी काश्मीरमधल्या टायरच्या साखळ्यांच्या गोष्टी सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाही काहीतरी खास लागेल. लागत नाही. मनालीला स्वतःच्या गाडीने जायचंच असेल, तर बर्फाच्या पट्ट्यापुरत्या साखळ्या तिकडेच भाड्याने घ्या.

मग आपला हिवाळा धोक्याचा नाही का? आहे, पण वेगळ्या कारणाने. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर पसरते. रात्री तिच्यावर दव पडतं. पहाटे भुईंज, शेंद्रे किंवा कराडच्या पट्ट्यातून जाताना तो भाग कोरडाच दिसतो आणि ब्रेक दाबला की गाडी सरळ पुढं सरकते. त्यात नदीकाठचं धुकं. म्हणजे हिवाळ्यातही आपल्याला गरज असते ती ओल्या रस्त्यावरच्या पकडीची, पावसाळ्यात असते तीच. खिशात जे पैसे आहेत ते त्या एका गुणावर खर्च करायचे, बाकी सगळं त्याच्या मागे.

२. गाडी खरंच कुठं फिरते ते मांडा

एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि माण-खटावात पाचशेच्या आत. त्यामुळे कोरड्या दहिवडीच्या पाहुण्याने दिलेला सल्ला पावसाळी मेढ्याच्या माणसाने जसाच्या तसा घेऊ नये.

गाडी मुख्यतः शहरात आणि पुणे-बंगळूर हायवेवर चालत असेल, तर पाणी झटपट बाहेर फेकणारी नक्षी बघा: टायरभर उभ्या जाणाऱ्या रुंद खाचा, तीन-चार तरी. पसरणी, केळघर, आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट नेहमीचा असेल तर रबर थोडं मऊ असलेला टायर घ्या, तो लवकर झिजला तरी चालेल. यवतेश्वरहून कास-बामणोलीकडे जाणाऱ्यांनी तर हे नक्कीच करावं. तिकडे जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून येते आणि झाडांच्या सावलीतल्या वळणांवर ऑगस्टमध्ये चक्क शेवाळ धरतं. फलटण, दहिवडी, वडूज भागातच गाडी फिरत असेल तर मायलेजवाला, म्हणजे जास्त किलोमीटर चालणारा, कडक टायर खुशाल घ्या. तिथं खरा त्रास उन्हाचा आणि बाभळीच्या काट्यांचा असतो.

३. जुने टायर खरंच संपलेत का ते बघा

नक्षीच्या खाचेत बोट फिरवा. ठरावीक अंतरावर तळाशी छोटा आडवा उंचवटा लागेल. टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा बारका त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत शोधा म्हणजे पटकन सापडेल. हा उंचवटा १.६ मिलिमीटरचा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. पण घाटात आणि पावसात तिथपर्यंत थांबू नका. नक्षी ३ मिलिमीटरवर आली की पाणी बाहेर फेकण्याची ताकद बरीच कमी झालेली असते. नवीन टायरला साधारण ७-८ मिलिमीटर नक्षी असते. खोली मोजायचा छोटा गेज शे-दोनशेत मिळतो, घेऊन ठेवा.

नक्षी शिल्लक असूनही टायर बदलायची वेळ येते ती अशी:

- बाजूच्या भिंतीवर फुगा आलाय. आतले धागे तुटलेत, हा टायर कधीही फुटेल. तो स्टेपनीलाही ठेवू नका.
- बाजूला किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगा पडल्यात. उन्हात उभ्या राहणाऱ्या, कमी चालणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं.
- टायर सहा वर्षांच्या पुढं गेलाय. रबर कडक होतं, नक्षी नवी दिसली तरी.

झीज कशी झालीय तेही बघा. एकाच कडेने घासला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ जुळणी, गेलंय. दोन्ही कडा घासल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवून चालवलाय. मध्येच घासला असेल तर हवा जास्त. मूळ दोष काढला नाही तर नवीन जोडीही तशीच जाईल, म्हणून टायरआधी मेकॅनिककडून सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट (चाकं धरून ठेवणारे सांधे) बघून घ्या.

४. साईज वाचायला शिका

उदाहरणार्थ, स्विफ्टच्या खालच्या मॉडेलचा टायर: १६५/८० आर १४, पुढं ८५ टी. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंचीची भिंत. आर म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८५ हा वजनाचा आकडा, एका टायरला ५१५ किलोपर्यंत परवानगी. टी ही वेगाची खूण, ताशी १९० किलोमीटरपर्यंत. एस म्हणजे १८० आणि एच म्हणजे २१०.

तुमच्या गाडीची नेमकी साईज आणि हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. सेकंडहँड गाडीवर आधीच्या मालकाने भलताच टायर बसवलेला असू शकतो, म्हणून टायर बघून साईज सांगू नका, स्टिकर बघून सांगा. वजनाचा आणि वेगाचा आकडा स्टिकरपेक्षा खालचा घ्यायचा नाही. दुकानात तो साईज शिल्लक नसला की "हा पण बसतोय" म्हणून कमी वजनाचा टायर माथी मारला जातो. पाच माणसं, सामान आणि सज्जनगडाचा चढ असताना त्याची किंमत कळते.

आता अपसाईजचा, म्हणजे कंपनीच्या साईजपेक्षा रुंद टायर बसवायचा मोह. त्याच १४ इंची रिमवर १८५/७० बसतो. बाहेरचा व्यास जेमतेम ५ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे स्पीडोमीटरला फारसा फरक नाही. गाडी भरदार दिसते, कोरड्या वळणावर बरी वाटते. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, पेट्रोल थोडं जास्त खातो आणि महागही पडतो. बजेट तंग असेल तर कंपनीची साईजच ठेवा आणि वाचलेल्या पैशात त्याच साईजमधला एक पायरी वरचा टायर घ्या.

५. पैसे कुठं घालायचे आणि कुठं वाचवायचे

बहुतेक कंपन्यांची निदान एक मालिका मायलेजसाठी आणि एक पकड-आरामासाठी असते. सीएटचं उदाहरण घ्या: मायलेज मालिका जास्त चालावी म्हणून आणि सेक्युराड्राईव्ह चालवायला चांगली वाटावी म्हणून. एमआरएफ, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, गुडइयर यांच्याकडेही अशीच वर्गवारी सापडेल. दुकानदाराला "चांगला टायर द्या" म्हणालात तर तो बहुधा मायलेजवालाच काढतो, कारण गिऱ्हाईक दोन वर्षांनी येऊन भांडतं ते झिजण्यावरून. पावसात घसरलो म्हणून टायर परत आणणारा सहसा कुणी नसतो. म्हणून तुम्हीच म्हणा, "ओल्या रस्त्याला पकड चांगली असलेला दाखवा, मायलेज थोडं कमी चालेल."

काही टायरवर 'ट्रॅक्शन' असा शब्द आणि पुढं डबल ए, ए, बी किंवा सी असतं. हा दर्जा ओल्या पृष्ठभागावर ब्रेक मारून ठरवलेला असतो. डबल ए किंवा ए मिळाला तर उत्तम, बी चालेल, सी घेऊ नका. 'ट्रेडवेअर'चा आकडा जितका मोठा तितका टायर जास्त चालणार. पण दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नका, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो देते.

महाग-स्वस्ताचा हिशेब किलोमीटरवर करा. समजा एक टायर ४,००० रुपयांचा आणि ४०,००० किलोमीटर चालणारा, दुसरा ५,००० चा आणि ४५,००० चालणारा. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर चार चाकांचा खर्च पहिल्याचा ४०० रुपये, दुसऱ्याचा साधारण ४४४. मिसळीच्या एका प्लेटीइतका सुद्धा फरक नाही. दुकानात मात्र एकदम चार हजार जास्त मोजायला हात आखडतो. तेवढं जमत नसेल तर महाग दोन आणि स्वस्त दोन असा मेळ घालू नका. चारही मधल्या किमतीचे, एकाच मालिकेतले घ्या.

वाचवायच्या जागा: नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. परदेशी नावासाठी जास्त देऊ नका. 'टायर पॉलिश'ला तर मुळीच नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा कुणी जुन्या छापील किमतीवर "डिस्काउंट" दाखवत असेल तर आधी आजची किंमत विचारा.

६. भाव काढा आणि सोबत काय न्यायचं ते ठरवा

दोन-तीन दुकानांना फोन करा, ऑनलाइन भावही बघून ठेवा. ऑनलाइन घ्यायचाच असं नाही, पण घासाघीस करताना तो कामी येतो. फोनवर विचारा: चार टायरचे बिलासह किती? बसवणे, नवीन व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), अलाइनमेंट त्यात धरलंय का? जुने टायर किती रुपयांना घेणार? हा शेवटचा प्रश्न विचारला नाही तर जुने टायर फुकट जातात. साताऱ्यात काय किंवा कराडात काय, पहिला भाव हा शेवटचा नसतोच.

मे अखेरीस पावसाची चाहूल लागली की दुकानांत गर्दी होते आणि हव्या त्या साईजला "दोन दिवस थांबा" ऐकावं लागतं. एप्रिल किंवा मेच्या सुरुवातीला जा. हिवाळ्यासाठी बदलायचे तर नवरात्र-दिवाळीच्या गर्दीआधी.

सोबत ठेवा:

- गाडीचं आरसी आणि दाराच्या स्टिकरचा फोटो
- ओडोमीटरचा फोटो
- अलॉय व्हीलला लॉक नट असेल तर त्याची चावी (ही घरी विसरली की सगळंच अडतं)
- मोबाईलची टॉर्च आणि नक्षी मोजायचा गेज
- आधीच्या टायरचं बिल आणि वॉरंटी कार्ड, जर टायर अकाली गेला असेल तर

७. बसवण्याआधी टायर हातात घेऊन बघा

ही पायरी घाईत उरकू नका. टायरच्या एका बाजूला 'डीओटी'ने सुरू होणारी अक्षरं असतात आणि शेवटी लंबगोलात चार आकडे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा, जूनची सुरुवात. पूर्ण कोड बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो. टायर उलटा बसला तर तो आतल्या बाजूला जातो आणि मग गाडीखाली डोकं घातल्याशिवाय दिसत नाही. म्हणून बसवायच्या आधीच चारही टायरचे आकडे वाचा आणि फोटो काढा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, वर्षापर्यंत चालेल. त्याहून जुना असेल तर भाव पाडून मागा नाहीतर सोडून द्या. एक टायर ताजा आणि तीन जुने असा संच बांधायची सवय काही ठिकाणी आहे. तिथं स्पष्ट बोला.

आयएसआयचा शिक्का आहे ना ते बघा. नक्षी एकाच दिशेची असेल तर बाजूला बाण असतो, तो पुढं जायच्या दिशेला हवा. डावी-उजवी नक्षी वेगळी असेल तर 'आउटसाईड' लिहिलेली बाजू बाहेर. घाईत हे उलटसुलट बसतं.

वापरलेले टायर घेणार असाल तर आणखी जपून. नव्या कोऱ्या गाडीचे मूळ टायर काढून कुणी मोठे बसवतं, ते टायर थोडेच चाललेले असतात. असे मिळाले तर स्वस्तात मस्त काम होतं. पण बाजारात कोरलेले टायरही फिरतात: गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने खाचा कोरायच्या आणि वर काळं पॉलिश मारायचं. ओळखायचे असे: खाचेच्या तळाशी तो १.६ मिलिमीटरचा उंचवटा शोधा. कोरलेल्या टायरमध्ये तो कापला गेलेला असतो किंवा त्याच्या शेजारी खाच जास्त खोल गेलेली दिसते. खाचेचा तळ ओबडधोबड लागतो, कडेला रबराचे बारीक धागे निघतात. टॉर्च मारल्यावर आतले दोरे दिसले तर विषयच संपला. शिवाय २०२२ मध्ये केंद्राने टायरच्या ओल्या पकडीवर किमान मर्यादा घातली, त्याआधीचा माल त्या कसोटीतून गेलेला असेलच असं नाही. वयामुळेही तो बाद व्हायला आलेला असतो.

८. दोनच घेताय? मग मागे बसवा

इथं कारागिराशी वाद ठरलेला. "दादा, नवीन जोडी पुढंच टाकूया की, इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, सगळं वजन पुढंच असतंय." ऐकायला बरोबर वाटतं. पण पुढचे टायर घसरले तर गाडी वळण सोडून सरळ जाऊ बघते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, वेग कमी झाला की बहुतेक वेळा ती सावरते. मागचे घसरले तर मागचं अंग फिरतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. केळघर घाटाच्या ओल्या उतारावर ते फिरणं दरीकडे असतं. टायर कंपन्याही जास्त नक्षीची जोडी मागेच बसवायला सांगतात, गाडीची पुढची चाकं ओढणारी असली तरी. तेव्हा नम्रपणे पण ठामपणे म्हणा, "मागंच टाका."

एकाच आसावर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळ्या नक्षीचे टायर नकोत. एकच टायर कापला गेला तर तोच मॉडेल शोधा, नाही मिळाला तर जोडी बदला.

९. बसवल्यावर

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून घ्या. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. तो देत नाहीत त्यांनी मशिनवर गाडी नुसती उभी केली की खरंच काम केलं, हे कळायला मार्ग नाही. बिलावर चारही टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतात. काढलेल्या चारपैकी सगळ्यात बरा टायर स्टेपनीच्या साईजचा आणि वयाने लहान असेल तर तिथं बसवून घ्या आणि उरलेलेच दुकानदाराला द्या.

नव्या टायरवर साच्यातला चिकट थर असतो, म्हणून पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर ब्रेक आणि वळणं हळू. ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट परत आवळून घ्या. टायर घेतले त्याच दुकानात गेलात तर सहसा पैसे घेत नाहीत.

आणि हवा. आमच्याकडे लोक टायरला वीस हजार घालतात आणि हवा बघायला दोन मिनिटं काढत नाहीत. तापमान साधारण ६ अंशांनी उतरलं की हवा १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. मेच्या दुपारी ३८ अंशांत ३० भरलेली हवा डिसेंबरच्या ११ अंशांच्या पहाटे २५-२६ वर येते, एकही पंक्चर नसताना. वर महिन्याला थोडी थोडी आपोआप झिरपते ती वेगळीच. थंडी सुरू झाली की पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी गाडी फारशी चाललेली नसताना, स्टिकरवरच्या आकड्याइतकी हवा भरा. पाच माणसं आणि सामान घेऊन निघणार असाल तर स्टिकरवर पूर्ण लोडचा वेगळा आकडा असतो, तो वापरा. घाटात पकड मिळते म्हणून हवा कमी ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या, तो वाळूत गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. पंपावरच्या मीटरवर फार विश्वास नको, स्वतःचा साधा गेज डॅशबोर्डमध्ये टाकून ठेवा. स्टेपनीची हवाही त्याच वेळी बघा. ती बारक्या साईजची असेल तर तिच्यावर ताशी ८० च्या वर जायचं नसतं.

दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर पुढं-मागं फिरवून घ्या. बसवल्याच्या दिवशीचा ओडोमीटरचा आकडा बिलाच्या मागे लिहून ठेवलात तर पुढची तारीख शोधत बसावं लागणार नाही.